वंध्यत्वोपचार, विमा आणि राज्यसंस्था : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईतील परळ येथील के.ई.एम. रुग्णालयात हर्षा नावाच्या मुलीचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या सहकार्यातून झालेला हा जन्म म्हणजे शास्त्रीय नोंदींनिशी सिद्ध झालेले भारतातील पहिले टेस्ट ट्यूब बालक होय. रुग्णालय महानगरपालिकेचे होते आणि संशोधन संस्था केंद्र शासनाची होती. म्हणजेच या उपचारपद्धतीचा भारतातील अधिकृत आरंभ सार्वजनिक पैशातून आणि सार्वजनिक वास्तूत झाला. त्याच १९८६ साली सर्वसाधारण विमा महामंडळाच्या चार उपकंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ ही आरोग्यविमा योजना सुरू केली. मध्यमवर्गीय भारतीय कुटुंबाला रुग्णालयाच्या खर्चापासून संरक्षण देणारी ही पहिली व्यापक योजना होती.

एकाच वर्षी घडलेल्या या दोन घटनांचा पुढील काळात परस्परांशी जवळजवळ कधीच संबंध आला नाही. वंध्यत्वावरील उपचार विस्तारत गेले, आरोग्यविमाही विस्तारत गेला. परंतु विमापत्रात वंध्यत्वाला जे स्थान मिळाले ते अपवादांच्या यादीत. त्याचा परिणाम म्हणून या उपचाराचा जवळजवळ सर्व भार दांपत्याच्या खिशावर, आणि खिशाइतकाच स्त्रीच्या शरीरावर व मनावर पडत आला आहे. विमा कंपन्यांचा व्यापारी हिशेब हे या वगळणुकीचे उघड कारण आहे. पण केवळ तेवढ्याने तिचे स्पष्टीकरण होत नाही. वंध्यत्व ही राज्यसंस्थेची जबाबदारी नव्हे, ही धारणा विमा येण्यापूर्वीच आपल्याकडे रुजली होती. ती कशी रुजली आणि तिची किंमत कोणत्या स्वरूपात मोजली गेली याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

तंत्रज्ञानापूर्वीचा खर्च

मूल नसणे ही आपल्या समाजात कधीच केवळ खासगी बाब नव्हती. राजघराण्यांच्या बाबतीत तर तो राज्याच्या अस्तित्वाचा प्रश्न होता. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती औरस पुत्राविना मृत्यू पावले, तेव्हा दत्तकविधान अमान्य करून डलहौसीने ते राज्य खालसा केले. १८५३ मध्ये नागपूरकर तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या निधनानंतरही हेच घडले. सामान्य कुटुंबात राज्य जात नसे. जात असे ते घरातील स्त्रीचे स्थान. नवस, उपासतापास, देवदेवस्की, गंडेदोरे, वैद्याचे काढे आणि अखेरीस सवत, अशी ही चढती भाजणी होती. ‘वांझ’ या शब्दाला मराठीत रूढ असे पुल्लिंगी प्रतिरूप नाही, ही बाब भाषाभ्यासकांइतकीच इतिहासाच्या अभ्यासकांनीही विचारात घेण्यासारखी आहे. डोहाळजेवण, बारसे, ओटीभरण यांसारख्या प्रसंगी मूल नसलेल्या सुवासिनीला मागे ठेवण्याची पद्धत कित्येक घरांत अलीकडेपर्यंत पाळली जात होती.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांनी या स्थितीत मोठा बदल केला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने द्विभार्या पद्धतीला प्रतिबंध घातला, त्यामुळे निदान कायद्याच्या दृष्टीने सवतीचा मार्ग बंद झाला. या कायद्यात नपुंसकत्वामुळे विवाह रद्दबातल ठरविता येतो, परंतु वंध्यत्व हे घटस्फोटाचे कारण नाही. कायद्याने केलेला हा सूक्ष्म भेद समाजाने मात्र फारसा मनावर घेतला नाही. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याने दत्तकविधानाला नवे रूप दिले आणि मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. तरीही ‘आपल्या रक्ताचे’ मूल हवे ही आकांक्षा कमी झाली नाही. पुढे तंत्रज्ञान आले तेव्हा त्याला तयार ग्राहक मिळाला तो या आकांक्षेमुळेच.

कुटुंबनियोजन आणि वंध्यत्वाचा विसर

१९५२ साली भारताने राष्ट्रीय पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम शासकीय स्तरावर सुरू करणारा भारत हा जगातील पहिला देश मानला जातो. महाराष्ट्राला या विचाराची ओळख त्याआधीच तीन दशके झाली होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हा विषय निर्भीडपणे मांडला. कर्व्यांच्या मांडणीत स्त्रीचे स्वास्थ्य व तिची इच्छा यांना मध्यवर्ती स्थान होते. शासकीय कार्यक्रमात ते स्थान हळूहळू लोकसंख्येच्या आकड्याने घेतले.

या आकड्याचा दबाव आणीबाणीच्या काळात टोकाला गेला. १९७६–७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. आणीबाणीनंतर ‘कुटुंबनियोजन’ हे नाव जाऊन ‘कुटुंबकल्याण’ हे नाव आले, परंतु यंत्रणा तीच राहिली. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेकडे नसबंदीचे उद्दिष्ट असे आणि शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यास मोबदला मिळे. ज्या स्त्रीला मूलच होत नाही ती या यंत्रणेच्या नोंदवहीत कोठेही बसत नव्हती.

या विसराचे वैद्यकीय परिणाम गंभीर होते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे त्यात आढळले, आणि पूर्वी कधीतरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. जननमार्गातील जंतुसंसर्गावर वेळीच उपचार झाले नाहीत तर गर्भनलिका बंद होऊन वंध्यत्व येऊ शकते. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हेही त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. क्षयरोगाच्या औषधोपचाराची जबाबदारी शासनाने १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे स्वीकारली होती. त्याच रोगाने गर्भनलिका निकामी झाल्या तर मात्र पुढील खर्च रुग्णाचा, अशी ही विभागणी होती. रोग सार्वजनिक आणि त्याचा परिणाम खासगी मानण्यामागचे तर्कशास्त्र कोणत्याही धोरणात कधी स्पष्टपणे मांडलेले आढळत नाही. ते गृहीतच धरले गेले.

शोध सार्वजनिक, उपचार खासगी

बाह्य फलनाच्या तंत्राचा जन्मही अशाच उपेक्षेत झाला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी यांनी १९७१ मध्ये तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेकडे अर्थसाहाय्य मागितले, तेव्हा ते नाकारण्यात आले. लोकसंख्यावाढीची चिंता असलेल्या त्या काळात वंध्यत्व हा तातडीचा प्रश्न वाटत नव्हता, हे त्यामागील एक कारण होते. पुढील काम प्रामुख्याने खासगी देणग्यांवर चालले. २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊनचा जन्म ओल्डहॅमच्या सरकारी रुग्णालयात झाला खरा, परंतु दोनच वर्षांनी, १९८० मध्ये, या शास्त्रज्ञांनी बॉर्न हॉल येथे सुरू केलेले उपचारकेंद्र खासगी होते.

लुईसच्या जन्मानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात ‘दुर्गा’चा जन्म झाला. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी सुनीत मुखर्जी आणि डॉ. सरोजकांती भट्टाचार्य यांच्या सहकार्याने, अत्यंत तुटपुंज्या साधनांनिशी, भ्रूण गोठवून ठेवण्याचे तंत्र वापरून हे यश मिळविले होते. पश्चिम बंगाल शासनाने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा अमान्य केला. त्यानंतर त्यांची बदली नेत्ररोग संस्थेत करण्यात आली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या कार्याला मान्यता मिळाली ती १९९७ मध्ये, डॉ. आनंदकुमार यांनी ‘करंट सायन्स’मधील लेखात त्यांच्या नोंदींचा पुरस्कार केल्यानंतर. स्वतःच्या नावावर असलेला पहिलेपणाचा मान दुसऱ्याला देणारी ही कृती भारतीय विज्ञानाच्या इतिहासात विरळाच म्हटली पाहिजे.

मुंबईतील १९८६ च्या यशानंतर हे तंत्र सार्वजनिक रुग्णालयांमधून पसरेल अशी अपेक्षा ठेवण्यास जागा होती. प्रत्यक्षात पुढील दोन दशकांत ते पसरले ते खासगी केंद्रांमधून. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे देशातील सर्वोच्च सार्वजनिक रुग्णालयात, बाह्य फलनाची सुविधा सुरू होण्यास २००८ साल उजाडले. आर्थिक उदारीकरणाचा काळ, शहरी मध्यमवर्गाची वाढती क्रयशक्ती आणि कायद्याचा संपूर्ण अभाव या तिन्ही गोष्टी खासगी केंद्रांना अनुकूल होत्या. १९९२ मध्ये ब्रुसेल्समधील शास्त्रज्ञांनी एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याचे तंत्र यशस्वी करून दाखविले. त्यामुळे पुरुषदोषावरही उपाय उपलब्ध झाला आणि ग्राहकवर्ग आणखी वाढला. २००२ नंतर तर परदेशी दांपत्ये सरोगसीसाठी भारतात येऊ लागली, कारण येथील उपचार त्यांना ‘स्वस्त’ वाटत. नोव्हेंबर २०१५ मध्ये शासनाने परदेशी नागरिकांना सरोगसीसाठी मनाई केली, तोपर्यंत हा ओघ चालू होता. ज्या दराला परदेशी पाहुणा स्वस्त म्हणत होता तो दर येथील गिरणी कामगाराला, शिक्षकाला किंवा अल्पभूधारक शेतकऱ्याला कसा वाटत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

विमापत्रातील कलम

मेडिक्लेमच्या नव्वदच्या दशकात प्रचलित असलेल्या विमापत्रात अपवादांचे एक कलम होते. विश्रांतीसाठी घेतलेले उपचार, बाह्य जन्मजात व्यंग, वंध्यत्व, गुप्तरोग, स्वतःहून करून घेतलेली इजा आणि मादक द्रव्यांचे सेवन या सर्वांवरील खर्च त्यात एकत्रितपणे वगळलेला होता. वंध्यत्वाची ही संगत पाहण्यासारखी आहे. एका बाजूला दैवाने दिलेले व्यंग, दुसऱ्या बाजूला वर्तनाने ओढवून घेतलेला रोग, आणि यांच्या मधोमध मूल न होणे. विमापत्राचा मसुदा करणाऱ्यांनी समाजशास्त्राचा विचार केला असण्याची शक्यता नाही, परंतु समाजात या दुखण्याकडे ज्या दोन नजरांनी पाहिले जात होते त्या दोन्ही नजरा या एका वाक्यात उतरल्या आहेत.

विम्याच्या बाजूनेही काही म्हणण्यासारखे आहे. विमा हा अनिश्चित व अनपेक्षित आपत्तीचा असतो; ज्यांना उपचार घ्यावयाचाच आहे तेवढेच लोक विमा काढू लागले तर हप्त्यांचे गणित कोसळते. हा युक्तिवाद निराधार नाही. तथापि तो सर्व देशांनी मान्य केला असेही नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने १९८५ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने १९८७ मध्ये, म्हणजे आपल्या मेडिक्लेमच्या आगेमागेच, कायदा करून या उपचाराचा अंतर्भाव विम्यात करणे भाग पाडले. इस्रायलमध्ये दोन अपत्यांपर्यंतचा खर्च सार्वजनिक आरोग्य व्यवस्था उचलते. ब्रिटनमध्ये २००४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तीन चक्रांची शिफारस केली, जरी प्रत्यक्षात ती प्रदेशानुसार कमीअधिक पाळली गेली.

भारतात २००५ या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने वंध्यत्वोपचार केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांना कायद्याचे बळ नव्हते. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम केले. आणि २९ नोव्हेंबर रोजी केंद्र शासनाने कुटुंबनियोजन विमा योजना सुरू केली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिलेल्या आदेशानंतर आलेल्या या योजनेत नसबंदीनंतर मृत्यू वा गुंतागुंत झाल्यास, तसेच शस्त्रक्रिया असफल होऊन गर्भ राहिल्यास, भरपाईची तरतूद होती. निष्काळजी शिबिरांत जीव गमावलेल्या स्त्रियांचा विचार करता ही तरतूद न्याय्यच होती, याबद्दल दुमत असू नये. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यातून एक विसंगती समोर येते. नको असताना गर्भ राहिला तर विमा होता; हवा असताना राहत नसेल तर नव्हता.

ही विसंगती पुढेही कायम राहिली. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यातील अपवादांचे प्रमाणीकरण केले, तेव्हा १७ क्रमांकाच्या अपवादात गर्भनिरोधन, नसबंदी, कृत्रिम रेतन, बाह्य फलन, सरोगसी आणि नसबंदी उलटविण्याची शस्त्रक्रिया यांना एकाच कलमात स्थान मिळाले. २०१८ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेनेही प्रजननविषयक उपचार बाहेर ठेवले. याला अपवाद आहे तो शासनाच्या स्वतःच्या कर्मचारीवर्गाचा. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत २०११ पासून बाह्य फलनाच्या खर्चाची मर्यादित प्रतिपूर्ती मिळू लागली. प्रत्येक चक्रास ६५,००० रुपये आणि जास्तीत जास्त तीन चक्रे अशी ती मर्यादा होती. म्हणजे वंध्यत्व हा उपचारयोग्य आजार आहे हे शासनाला तत्त्वतः मान्य होते. ते मान्य होते फक्त आपल्या कर्मचाऱ्यांपुरते. अलीकडे काही विमा कंपन्यांनी प्रतीक्षा कालावधी व रकमेची मर्यादा घालून वंध्यत्वोपचाराचा समावेश केला आहे, परंतु तो ऐच्छिक आहे.

२०२१ मध्ये संसदेने साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायदा आणि सरोगसी कायदा असे दोन कायदे संमत केले. या कायद्यांनी केंद्रांची नोंदणी सक्तीची केली, वयोमर्यादा घातल्या आणि व्यापारी सरोगसी बंद केली. विम्याचा उल्लेखही दोन्हींत आहे. स्त्रीबीज देणाऱ्या स्त्रीसाठी १२ महिन्यांचा आणि सरोगेट मातेसाठी ३६ महिन्यांचा विमा उतरविणे बंधनकारक आहे, आणि त्याचा खर्च अपत्येच्छू दांपत्याने करावयाचा आहे. दात्या स्त्रियांचे शोषण झाले होते हे पाहता ही तरतूद आवश्यकच होती. मात्र ज्या स्त्रीवर मूळ उपचार होतात तिच्या खर्चाविषयी दोन्ही कायदे मौन बाळगतात.

हिशेबाची वही

खासगी केंद्रांत बाह्य फलनाच्या एका चक्राचा खर्च साधारणपणे दीड ते अडीच लाख रुपयांच्या घरात जातो. या रकमेचा मोठा भाग स्त्रीबीजे वाढविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या इंजेक्शनांवर खर्च होतो. त्यानंतर भुलीखाली बीजे काढणे, प्रयोगशाळेतील फलन, भ्रूणरोपण आणि उरलेले भ्रूण गोठवून ठेवण्याचे वार्षिक शुल्क येते. तत्पूर्वीच्या तपासण्या आणि साधे उपचार यांवर झालेला खर्च यात धरलेला नाही. तालुक्याच्या गावाहून पुण्या-मुंबईला किंवा कोल्हापूर-नागपूरला येणाऱ्या दांपत्याचा प्रवास, लॉजमधील मुक्काम आणि बुडालेला रोज हाही वेगळाच. आणि एवढे करूनही एका चक्रात यशाची शक्यता तरुण स्त्रियांतसुद्धा निम्म्याहून कमीच असते, वयानुसार ती झपाट्याने घटते. साहजिकच एका चक्रावर भागत नाही.

हा पैसा कोठून येतो, याचे उत्तर आपल्या सामाजिक इतिहासाला परिचित आहे. दागिने, जमिनीचा तुकडा, भविष्यनिर्वाह निधी, सहकारी पतसंस्थेचे कर्ज, आणि आता केंद्रांतूनच मिळणारे सुलभ हप्ते. यांपैकी दागिने हे बहुधा स्त्रीधन असते. पुरुषदोष असला तरी इंजेक्शने, शस्त्रक्रिया आणि भ्रूणरोपण स्त्रीवरच होते. सुट्ट्या तिच्याच जातात आणि वेळप्रसंगी नोकरीही तिचीच जाते.

मानसिक भाराची चर्चा करताना तो आर्थिक भारापासून वेगळा काढण्याची सर्वसाधारण प्रवृत्ती आहे. प्रत्यक्षात हे दोन्ही भार एकमेकांत गुंतलेले आहेत. हृदयरोगाच्या शस्त्रक्रियेसाठी नातेवाईक, सहकारी, मालक यांच्याकडे हात पसरता येतो. वर्तमानपत्रातून आवाहनही करता येते. वंध्यत्वाच्या उपचारासाठी असे करता येत नाही, कारण कर्जाचे कारण सांगणे म्हणजे दोष जाहीर करणे. कार्यालयात रजेचा अर्ज खोट्या कारणाने द्यावा लागतो. भ्रूणरोपणानंतर रक्ततपासणीपर्यंतचे सुमारे १४ दिवस घरातील हळदीकुंकवाला, मंगळागौरीला नेहमीच्याच चेहऱ्याने हजर राहावे लागते. भारतातील वंध्यत्वोपचारांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ आदित्य भारद्वाज यांनी गोपनीयता हा या उपचारांचा कणाच असल्याचे दाखवून दिले आहे. गोपनीयतेमुळे स्वस्त, नातेसंबंधांतील कर्ज मिळत नाही आणि महाग, अनोळखी कर्ज घ्यावे लागते. कर्ज जितके महाग तितके चक्राच्या अपयशाचे ओझे अधिक. बाळ न झाल्याचे दुःख आणि हप्ता चुकल्याचा दूरध्वनी या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच आठवड्यात येतात.

थांबावे केव्हा, हा यातील सर्वांत अवघड प्रश्न. जेथे सार्वजनिक योजना वा विमा तीन चक्रांचा खर्च देतो तेथे तिसऱ्या चक्रानंतर थांबण्यास एक बाह्य, सर्वमान्य आधार मिळतो. दांपत्याला स्वतःला दोष द्यावा लागत नाही. आपल्याकडे ही मर्यादा पैसा ठरवितो. त्यामुळे उपचार थांबविणाऱ्या दांपत्याच्या मनात आपण मुलासाठी पुरेसे केले नाही, आणखी एक दागिना मोडला असता तर कदाचित झाले असते, ही टोचणी वर्षानुवर्षे राहू शकते. वैद्यकीयदृष्ट्या निरर्थक ठरलेली चक्रे करीत राहणे आणि वैद्यकीयदृष्ट्या आशादायक असूनही पहिल्याच चक्रानंतर थांबणे, हे दोन्ही प्रकार विम्याच्या अभावी घडतात.

खर्चाच्या या व्यवस्थेचा परिणाम जन्मणाऱ्या बालकावरही होतो. एकच संधी परवडणार असेल तर दांपत्याची आणि डॉक्टरांचीही प्रवृत्ती एकाहून अधिक भ्रूण रोपण करण्याकडे झुकते. त्यातून जुळी-तिळी, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाचा आणखी खर्च उद्भवतो. अमेरिकेतील राज्यांची तुलना करणाऱ्या, २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संपूर्ण विमासंरक्षण असलेल्या राज्यांत प्रत्येक चक्रात कमी भ्रूण रोपण केले जातात आणि तिळ्यांचे प्रमाणही कमी असते, असे दिसून आले. बेल्जियमने २००३ मध्ये सहा चक्रांचा प्रयोगशाळा-खर्च देऊ केला तो तरुण स्त्रीच्या पहिल्या चक्रात एकच भ्रूण ठेवावा या अटीवर, आणि तेथील बहुविध गर्भधारणा लक्षणीयरीत्या घटल्या. विमा म्हणजे निव्वळ खर्च, हे गृहीतक तपासून पाहताना ही उदाहरणे उपयुक्त ठरतात. आपल्याकडील अपवाद-कलमाच्या चर्चेत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

बांबोळी, २०२३

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे दर सहा व्यक्तींमागे एका व्यक्तीस, आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. श्रीमंत व गरीब देशांतील प्रमाणात फारसा फरक नसल्याचेही हा अहवाल सांगतो; फरक आहे तो उपचार परवडण्यात. त्याच वर्षी गोवा शासनाने बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात साहाय्यित प्रजनन केंद्र सुरू करून बाह्य फलनाचा उपचार विनामूल्य उपलब्ध करून दिला. विनामूल्य उपचार देणारे हे देशातील पहिले राज्य असल्याचे त्यावेळी जाहीर करण्यात आले. लोकसंख्येच्या मानाने गोवा लहान राज्य आहे, आणि तेथील जननदर प्रतिस्थापनेच्या पातळीखाली जाऊन बराच काळ लोटला आहे. अशा राज्यात मूल होण्यास शासनाने मदत करणे राजकीयदृष्ट्या सोपे होते. महाराष्ट्राचा जननदरही प्रतिस्थापनेच्या पातळीखाली आलेला आहे. परळचा प्रयोग आणि बांबोळीचे केंद्र यांत ३७ वर्षांचे अंतर आहे. त्या अवधीत हर्षा मोठी झाली, तिचे लग्न झाले आणि २०१६ मध्ये मुंबईतच ती स्वतः आई झाली. तिच्या प्रसूतीच्या वेळीही डॉ. हिंदुजाच उपस्थित होत्या. १९८६ साली निघालेल्या मेडिक्लेमच्या कुळातील बहुसंख्य विमापत्रांत वंध्यत्वाचा अपवाद मात्र अद्याप छापलेला असतो.